खान्देशात शोभेल असा कल्पित प्राणी कसा घडवायचा: एका झिरप्याचा पूर्ण हिशोब

कथा असो, गेम असो की कॉमिक, कल्पित प्राणी लागला की बरेच जण वाघाचं तोंड, गरुडाचे पंख आणि नागाची शेपटी असं जोडकाम करतात, वरून एखादी जादू देतात आणि पुढं जातात. वाचणारा तो प्राणी दोन पानांत विसरतो, कारण तो प्राणी कुठंच राहत नसतो. तो पाणी कुठं पितो, पिल्लं कोणत्या महिन्यात होतात, त्याला कोण खातं, यातलं काहीच लिहिणाऱ्याला माहीत नसतं. माझं म्हणणं असं की आधी त्या प्राण्याचा सगळ्यात वाईट महिना शोधा आणि त्या महिन्यात तो जगतो कसा एवढं सोडवा. अंग, आवाज, सवयी, लोकांच्या गोष्टी, सगळं मग त्याच्या मागोमाग येतं.

खाली मी एक प्राणी अख्खा घडवून दाखवतो, नाव झिरप्या. प्राणी पूर्ण कल्पित आहे, पण नद्या, झाडं, बाकीचे प्राणी आणि हिशोबाचे नियम खरे आहेत. तुम्ही तुमचा प्राणी घ्या आणि सोबत कागदावर हिशोब करत चला, नुसतं वाचून हे जमत नाही.

पहिली पायरी: जिल्हा नको, पट्टा निवडा

"खान्देशातला प्राणी" एवढं म्हणून भागत नाही. खान्देशात तापीकाठच्या गाळाच्या घळी आहेत, काळी कपाशीची जमीन आहे, यावल-रावेरचा केळीपट्टा आहे, तोरणमाळचं पठार आहे, चाळीसगावकडं पाटणादेवीचं जंगल आहे, अडावदजवळ उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे, आणि या प्रत्येक जागी जगायचे नियम वेगळे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच जमीन फुगून बंद होते, म्हणजे भेगेत राहणाऱ्या प्राण्याचं घर दरवर्षी मोडणार. अशी एकच गोष्ट धरली तरी अख्खा प्राणी निघू शकतो.

मी घेतला सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा, चोपडा-यावल-रावेरच्या उत्तरेचा. भूगर्भवाले याला बझाडा म्हणतात. डोंगरातून येणाऱ्या नद्यांनी इथं गोटे, वाळू आणि मुरूम यांचा जाड थर टाकून ठेवलाय, त्यामुळं अनेर, सुकी, मोर अशा नद्या डोंगरातून खाली उतरल्या की त्यांचं बरंच पाणी या थरात जिरतं. उन्हाळ्यात वरून पात्र कोरडं ठक्क दिसतं पण खाली कुठंकुठं पाणी असतं. म्हणून तर माणसं कोरड्या पात्रात झिरा खणतात, हातभर-दोन हात वाळू काढली की खड्ड्यात पाणी झिरपायला लागतं.

माझ्या प्राण्याचा जन्म इथंच झाला. माणूस झिरा खणतो, मग एखादा प्राणी का खणणार नाही? आणि हे काही हवेतलं नाही. आफ्रिकेत हत्ती कोरड्या पात्रात असे खड्डे खणतात, अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटात मोकाट गाढवं आणि घोडे पाण्यासाठी खणतात आणि त्यांच्या खड्ड्यांवर बाकीचे प्राणी येऊन पितात, यावर २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी अभ्यासही छापलाय. सातपुड्याच्या पायथ्याशी हेच काम पोटासाठी रोज करणारा एखादा छोटा प्राणी, ही माझी मोकळी जागा.

तुमच्या पट्ट्यातही अशी मोकळी जागा शोधा. आधी तिथले खरे प्राणी लिहून काढा. माझ्या पट्ट्यात बिबट्या, तरस, कोल्हा, अस्वल, साळिंदर, खवल्या मांजर, उदमांजर, मुंगूस, घोरपड, रानडुक्कर. प्रत्येकापुढं तो काय खातो आणि कधी फिरतो ते लिहा. जे काम कोणीच पूर्णवेळ करत नाही ते तुमच्या प्राण्याला द्या. वाळवी खाणारा अजून एक प्राणी आणला तर तो खवल्या मांजराच्या आणि अस्वलाच्या ताटात बसतो, आणि मग दोघांत कोण जिंकतं हे तुम्हाला सांगावं लागतं.

दुसरी पायरी: वजन ठरवा, आणि ते पोटाच्या हिशोबानं ठरवा

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. प्राणी मोठा केला की भारी वाटतो पण मोठ्या प्राण्याला खायला घालावं लागतं.

दोन नियम पुरतात. पहिला गॅलिलिओनं १६३८ मध्ये मांडलेला: प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट केला तर त्याचं वजन आठपट होतं, पण पायाच्या हाडाचा छेद चौपटच होतो. म्हणून मुंगसाला नुसतं झूम करून घोड्याएवढं करता येत नाही, पाय जाड करावे लागतात, चाल बदलते, उड्या बंद होतात. दुसरा मॅक्स क्लायबरचा, १९३२ चा: गरम रक्ताच्या प्राण्याला नुसतं पडून राहायला दिवसाला किती ऊर्जा लागते ते वजनाच्या पाऊण घातावर ठरतं. घाबरू नका, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. वजन किलोत घ्या, त्याचं दोनदा वर्गमूळ काढा, जे येईल त्याचा घन करा आणि ७० नं गुणा. उत्तर किलोकॅलरीत. हिंडणं, खणणं, पळणं धरायचं तर त्याला साधारण अडीचनं गुणा.

समजा झिरप्या १६ किलोचा. १६ चं वर्गमूळ ४, त्याचं वर्गमूळ २, त्याचा घन ८, गुणिले ७० म्हणजे ५६०. हिंडता-फिरता १४००. आता तो उन्हाळ्यात खाणार काय? ओलीच्या शोधात खाली गेलेले नदीतले खेकडे, गाळात दडलेले शिंपले, मातीत गाडून घेतलेले बेडूक. अशा मांसात ग्रॅमला एक किलोकॅलरीच्या आसपास धरा. म्हणजे रोज रात्री जवळपास दीड किलो निव्वळ मांस, कवच सोडून. कोरड्या पात्रात एवढं रोज मिळणं शक्य नाही.

मग ५ किलो करून बघू. पाचचं वर्गमूळ २.२४, परत वर्गमूळ दीडच्या थोडं आत, घन ३.३४, गुणिले ७० म्हणजे २३४, आणि हिंडता-फिरता ५८५. म्हणजे रात्रीला ६०० ग्रॅमच्या आसपास, आणि चैत्रात मोहाची गोड फुलं पडतात तेव्हा त्याहून कमी मांस चालेल. हे जमण्यासारखं आहे. म्हणून झिरप्या ५ किलोचा, थोराड उदमांजराएवढा. मला तो आधी मोठाच हवा होता, दिसायला रुबाबदार, पण नदी जेवढं देते तेवढाच तो होणार.

तिसरी पायरी: वाईट महिना नीट शोधा

खान्देश म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात मे महिना येतो, जळगाव-भुसावळचे ४५ अंश. पण तुमच्या प्राण्याला कोणता महिना जड जातो ते त्याच्या धंद्यावर आहे. झिरप्याला पाणी सापडतं, पाण्यासोबत खाणं सापडतं, दिवसा तो घळीतल्या खोल बिळात गारव्याला असतो. वैशाख त्याचा सुगीचा महिना, बाकीच्यांची ताटं रिकामी असतात तेव्हा याचं भरलेलं.

त्याचा वाईट काळ आहे आषाढ-श्रावण. पात्र दुथडी भरून वाहतंय, वाळू पाण्याखाली, बिळं ढासळतायत, आणि सगळ्यात मोठी अडचण त्याच्या खास शक्तीची आहे, ती पुढच्या पायरीत सांगतो. थोडक्यात पावसाळ्यात त्याला शिकार सापडत नाही. मग दोनच रस्ते, एकतर दुसरं काहीतरी खायचं नाहीतर झोपायचं. मी झोप दिली, आणि झोपेचा हिशोब बघा किती छान बसतो.

चरबीच्या एका किलोत साधारण ७७०० किलोकॅलरी असतात. दोन महिने जागं राहून उपाशी काढायचे म्हटले तर ५८५ गुणिले ६०, म्हणजे ३५,१००, म्हणजे साडेचार किलो चरबी, जवळपास स्वतःच्या वजनाएवढी. अशक्य. पण अमेरिकेतलं काळं अस्वल हिवाळी झोपेत आपल्या शरीराची भट्टी चौथ्या भागावर आणतं, हे मोजलेलं आहे. झिरप्याला तेवढंच दिलं तर २३४ चा चौथा भाग ५८, गुणिले ६० म्हणजे ३५०० च्या आसपास, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा कमी चरबी. ५ किलोच्या अंगावर अर्धा किलो चरबी चढवणं सहज जमतं.

आणि ती चढवायची कधी? मृगात. ७ जूनच्या सुमाराला मृग लागतं, पहिला दमदार पाऊस पडला की वारुळातून पंखवाल्या वाळवीचे थवे बाहेर येतात, मृगाचे लाल मखमली किडे जमिनीवर दिसतात, गाडलेले बेडूक वर येतात. पंधरा-वीस दिवस खाण्याची नुसती लूट असते. झिरप्या मृगात फुगतो, आर्द्रा लागायच्या सुमाराला पात्र सोडून सातपुड्याच्या उतारावर चढतो, अंजनाच्या मुळाशी खडकाच्या कपारीत शिरतो आणि पोळ्यापर्यंत झोपतो.

पिल्लाचं गणित मात्र अवघड आहे. २ किलोच्या पिल्लाचा हाच हिशोब केला तर त्याला स्वतःच्या वजनाच्या मानानं मोठ्यापेक्षा जास्त चरबी लागते, वर वाढही करायची असते. त्यामुळं ज्या वर्षी मृग कोरडा जातो त्या वर्षीची पिल्लं पोळ्याला बाहेर येत नाहीत. हे मी ठरवलेलं नाही, हिशोबातून आलं, आणि तुमच्या गोष्टीला लागणारं दुःख असंच हिशोबातून मिळतं.

चौथी पायरी: जादू द्या, पण तिची किंमत वसूल करा

झिरप्याची शक्ती ही की त्याला वाळूखाली सरकणारं पाणी तळव्यातून कळतं. याला खरा आधार आहे, हत्तीच्या पायात दाब आणि कंप ओळखणारे पॅसिनियन कण असतात आणि लांबचे कंप त्यांना जमिनीतून जाणवतात. झिरप्याचे तळवे मी एवढे नाजूक केले की हातभर खालची ओल आणि खेकड्याची हालचालसुद्धा त्याला कळते. इतकं नाजूक कुठल्याही खऱ्या प्राण्यात नाही, इथंच तो कल्पित होतो.

आता किंमत. तळवे उघडे आणि नाजूक पाहिजेत, म्हणजे त्यावर जाड कातडं किंवा केस नकोत. मग मे महिन्यात दुपारच्या तापलेल्या वाळूवर तो चालूच शकत नाही. म्हणून तो रात्रीचा प्राणी, आणि रात्रीतसुद्धा वाळू निवल्यावर, मध्यरात्रीनंतर बाहेर पडणारा. मध्यरात्रीनंतर बाहेर पडतो म्हणजे त्याच्याकडं पहाटेपर्यंत चार-पाच तासच असतात, म्हणून तो लांब भटकत नाही, ओळखीच्या तीनेक किलोमीटर पात्रातच राहतो. आणि पावसाळ्यात थेंबांचा मारा आणि पुराचा धडधडाट चालू झाला की तळव्यातून येणारं सगळं बुडून जातं, त्याच्या दृष्टीनं दुनिया बहिरी होते, म्हणून ती झोप. ट्रॅक्टर, वाळूचे डंपर, बोअरचं मशीन, हे सगळं त्याला छळणार हेही आपोआप ठरलं.

एकाच शक्तीतून किती सवयी निघाल्या बघा. शक्ती दिल्यावर स्वतःला विचारा, यासाठी अंगात काय लागतं, तो अवयव कशानं बिघडतो, आणि बिघडू नये म्हणून प्राणी काय टाळतो. तीन उत्तरं मिळाली नाहीत तर ती शक्ती काढून टाका, कितीही आवडती असली तरी.

पाचवी पायरी: अंग

आधी घराणं ठरवा. मी उदमांजर-मुंगसाच्या बाजूचं धरलं, कारण त्या घराण्यात खेकडे खाणारे, बिळात राहणारे, रात्री फिरणारे सगळे नमुने आहेत. घराणं ठरलं की दात, बोटं, पिल्लांची संख्या, सगळ्याला चौकट येते. पंख हवेत आणि चार पायही हवेत असं असेल तर लक्षात ठेवा की जमिनीवरच्या सगळ्या कणावाल्यांना चारच अवयव मिळालेत, पक्ष्यानं आणि वटवाघळानं पुढचे दोन पंखात घातले. सहा अवयवांचा प्राणी करा जरूर, पण मग त्याचे चुलत भाऊबंदही सहा अवयवांचे दाखवावे लागतील.

झिरप्याचे पुढचे पंजे रुंद, नखं लांब आणि सरळ. चालताना नखं वर उचललेली राहतात, नाहीतर तळवा टेकणार नाही. नाकपुड्या आणि कान वाळू जाऊ नये म्हणून मिटणारे. दाढा चपट्या, कवच फोडायला. अंग वरून राखी-पिवळं, उन्हाळ्यातल्या वाळूच्या रंगाचं, पोट काळसर. शेपूट आखूड आणि जाड, चरबी तिथंच साठते, त्यामुळं मृग संपताना झिरप्याची शेपूट बघूनच कळतं हा जगेल की नाही.

सहावी पायरी: एक रात्र जवळून लिहा

हिशोब झाला की कागद बाजूला ठेवा आणि त्याची एक रात्र लिहा, लांबून नको, हाताच्या अंतरावरून. माझी अशी:

"वैशाखातली दशमी-एकादशी, चंद्र मावळायला आलाय. मोरच्या पात्रात दोन गोट्यांच्या मध्ये मादी थांबली. पुढचे दोन्ही तळवे वाळूवर पसरले, बोटं फाकली, मान खाली. हलत नाही. मग डावा तळवा उचलून वीतभर पुढं ठेवला, परत थांबली. तिसऱ्यांदा जागा बदलल्यावर तिरकं खणायला लागली, सरळ खाली नाही, कारण सरळ खड्ड्याच्या कडा कोसळतात. वरची वाळू कोरडी, पायाखालून मागं उडतेय. मग रंग गडद झाला, वाळू मुठीत धरेल अशी झाली. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा तळाशी गढूळ पाणी आलं. ती प्यायली नाही, मागं सरकून बसली, गढूळपणा खाली बसेपर्यंत. पिल्लू मध्येच तोंड घालायला गेलं तर तिनं मानेनं ढकललं. पाणी निवळल्यावर आधी ती, मग पिल्लू. मग तिनं खड्ड्याच्या ओल्या भिंतीत नख घातलं आणि खेकडा ओढून काढला, नांगी आधी मोडली, मग पाठ फोडली."

असं लिहिताना अडलात तर समजा तिथं तुमच्या प्राण्याची माहिती कमी आहे, परत मागच्या पायरीवर जा. तिरकं खणणं मला हे लिहितानाच सुचलं.

सातवी पायरी: वर्षाचं कॅलेंडर

महिने इंग्रजी नका धरू, इथले सण आणि नक्षत्रं धरा, कारण गावातली पात्रं तशीच बोलणार आहेत. पौषात जोड्या जमतात. साठेक दिवसांनी, होळीच्या सुमाराला पिल्लं, बहुतेक दोन, घळीतल्या खोल बिळात. चैत्रात मोहाखाली पहाटे फुलं वेचायला मादी येते आणि इथंच तिची अस्वलाशी गाठ पडते, दोघांचा आवडता खाऊ एकच. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला पिल्लं बाहेर पडतात आणि खणायला शिकतात. रोहिणीत पाणी सगळ्यात खाली गेलेलं, झिरे खोल. मृगात लूट. आर्द्रेला चढण. पोळ्याला जाग, अंगात चरबी उरलेली नाही, नदी अजून वाहतेय, त्यामुळं भाद्रपदात तो काठाकाठानं बेडूक आणि किडे खात कसाबसा काढतो. दिवाळीनंतर पात्र उघडं पडायला लागलं की परत आपल्या धंद्यावर.

आठवी पायरी: किती आहेत, आणि मरतात कशानं

एका मादीला ३ किमी पात्र लागतं असं धरलं आणि या नद्या-नाल्यांचं त्याला चालणारं पात्र, समजा, १५० किमी, तर ५० माद्या झाल्या. एक नर दोन माद्यांच्या हद्दीवरून फिरतो, म्हणजे २५ नर. एवढीच दुनिया. संवर्धनात ५०/५०० चा नियम प्रसिद्ध आहे, १९८० चा: थोड्या पिढ्या टिकायला वीण धरणारे किमान ५० आणि लांबचा पल्ला गाठायला ५००. नर-मादी सारखे नसतील तर आकडा अजून खाली येतो, चार गुणिले नर गुणिले मादी भागिले एकूण, इथं ६७. म्हणजे झिरप्या आज आहे, पण धोक्यात आहे.

आता मरणाचा हिशोब. मादी सात वर्षं वितेल, दरवर्षी दोन, म्हणजे १४ पिल्लं. संख्या तेवढीच राहायची तर त्यातली दोनच मोठी होऊन आईबापाची जागा घेणार, बाकी १२ मरणार. कशानं? काही कोरड्या मृगानं, काही घळीतच घरटं करणाऱ्या शृंगी घुबडानं, काही बिबट्यानं, काही बीळ ढासळून. ही १२ मरणं तुम्ही वाटून दिली की प्राण्याच्या भीती कळतात, तो कोणत्या आवाजाला दचकतो, आई पिल्लाला कुठं लपवते.

आणि उलटंही लिहा, हा नसला तर कोणाचं अडेल. झिरप्या सोडून गेलेल्या झिऱ्यावर पहाटे तितर येतात, मुंगूस येतो, मधमाशा ओल्या वाळूवर बसतात. नांगी मोडलेल्या खेकड्यांची कवचं शोधत कोल्हा पात्र हिंडतो. वाळूउपसा होऊन पात्र खरवडलं गेलं, बोअर खोल खोल जाऊन पाणी हाताच्या पल्ल्याच्या खाली गेलं, तर झिरप्या खणतो पण लागत काही नाही, आणि त्याच्यासोबत हे सगळे जातात.

नववी पायरी: आजवर कोणाला दिसला कसा नाही

हा प्रश्न वाचक विचारणारच, आणि खान्देशाकडं याचं जगातलं एक उत्तम उत्तर आहे. वन पिंगळा. १८७३ मध्ये ह्यूम या पक्षीतज्ज्ञानं या घुबडाचं वर्णन केलं, १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणालाच मिळाला नाही, आणि १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि सोबत्यांना तो शहाद्याजवळच्या सातपुड्यात सापडला. मधली ११३ वर्षं त्याचा पक्का पुरावा कोणाकडंच नव्हता. मध्ये १९१४ चा म्हणून एक नमुना होता, तोही माइनर्टझागेन नावाच्या माणसानं चोरून लेबल बदललेला निघाला, त्यामुळं लोक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. आणि हा पिंगळा चक्क दिवसाही दिसणारा, उघड्या फांदीवर बसणारा. मग मध्यरात्रीनंतर तीन किलोमीटरात फिरणारा ५ किलोचा प्राणी नोंदीतून सुटला तर नवल काय? तुमच्या प्राण्यालाही असं कारण द्या, चुकीचं लेबल, हरवलेलं कातडं, दुसऱ्याच प्राण्याच्या नावावर गेलेले ठसे.

जुना इतिहासही जोडा. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचं निघाली, त्यातल्या एका तुकड्यावर माणसानं कोरलेली नक्षी आहे, काळ साधारण २५,००० वर्षांपूर्वीचा. खान्देशात शहामृग होते! तेव्हा झिरप्याचे मोठे चुलत भाऊ होते आणि संपले असं मी लिहिलं तर कोणी हरकत घेणार नाही. आणि तापीच्या दक्षिणेला, गिरणा-पांझरेच्या पात्रात दुसरी जात ठेवा, कारण मधल्या तापीमुळं दोन्हीकडचे एकमेकांत मिसळत नाहीत. तिकडं लपायला सातपुड्याचं जंगल नाही, म्हणून दक्षिणेचा झिरप्या पावसाळा कुठं काढतो, हे मी अजून लिहितोय.

दहावी पायरी: माणसं

लोक त्याच्याबद्दल जे बोलतात ते त्याच्या खऱ्या सवयीतून आलेलं पण थोडं सरकलेलं असावं. झिरप्या आर्द्रेआधी डोंगर चढतो, म्हणून गावात म्हणतात की तो वर गेला की मोठा पाऊस येतो. खरं तो पावसाला पळतो. विहिरीसाठी पाणी दाखवणारा पाणाड्या पहाटे पात्रात जाऊन त्याचे झिरे बघून येतो आणि कोणाला सांगत नाही. मेंढ्या घेऊन फिरणारे ठेलारी त्याच्या झिऱ्याला हात लावत नाहीत, बाजूला आपला खणतात, कारण त्याचा मोडला तर तो ती जागा सोडतो आणि पुढच्या वर्षी पाणी शोधायला कोणी उरत नाही. अहिराणीत एखादी म्हातारी नातवाला सांगेल, "पानी कोठे शे ते त्याले माहीत शे." एवढं एक वाक्य पुरतं, सगळं पुस्तक अहिराणीत ओढू नका, जेवढी भाषा खरी येते तेवढीच वापरा.

एक काळजी मात्र घ्या. सातपुड्यातले पावरा, भिल्ल, तडवी ही जिवंत माणसं आहेत, त्यांचा वाघदेव आजही पुजला जातो. आपल्या कल्पित प्राण्याला त्यांचा देव म्हणून बसवू नका आणि त्यांच्या तोंडी खोटी चालीरीत घालू नका. पाहिजे तर त्यांच्यातल्या एखाद्या पात्राला प्राण्याचा सगळ्यात चांगला जाणकार करा, कारण त्या जंगलात सगळ्यात जास्त पावलं त्यांचीच उमटतात.

शेवटची पायरी: नाव आणि एक पान

बोलीतलं नाव प्राण्याच्या कामावरून ठेवा, लोक तसंच ठेवतात. शास्त्रीय नाव हवं असेल तर लिनियसच्या १७५८ पासूनच्या पद्धतीनं दोन शब्दांचं, आधी प्रजाती मग जात, आणि जागेवरून जातीचं नाव द्यायचं तर शेवटी "एन्सिस" लावतात, सातपुडाएन्सिस, तापीएन्सिस असं.

मग सगळं एका पानावर उतरवा: पट्टा, वजन, रोजची कॅलरी, वाईट महिना, शक्ती आणि तिची किंमत, वर्षाचं कॅलेंडर, किती उरलेत, काय मारतं, लोक काय म्हणतात. गोष्ट लिहिताना हे पान वाचकाला दाखवायचं नाही, त्यातलं जेमतेम एखाद-दुसरं वाक्य गोष्टीत येईल. ते झालं की नदीकाठच्या एखाद्या शेतकऱ्याला किंवा मेंढपाळाला प्राण्याचं वर्णन वाचून दाखवा आणि त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्या पानाच्या मागं लिहून घ्या. "कुत्र्यानं धरला तर काय करतो?" असं कोणीतरी विचारेलच, त्याचं उत्तर आधी तयार करा.